अव्या, तुझा बदलीचा सल्ला

अव्या,

तुला नदीवर आणलं तेव्हा मी मागं उभा होतो. पुढं तुझी भावकी होती, इस्लामपूरकडचे पाहुणे होते, विश्रामबागेतल्या तुझ्या बिल्डिंगमधली माणसं होती. मला त्यांतलं फारसं कुणी ओळखत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "तुमी सरांचे कोण?" मी म्हणालो, "जोडीदार." दोनशिक्षकी शाळेत दुसऱ्या मास्तरला जोडीदारच म्हणतात, दुसरा शब्दच नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग मागं का थांबलाय? म्होरं जावा की."

मी गेलो नाही. पुढं गेलो असतो तर तुझा चेहरा दिसला असता, आणि मला तुझा चेहरा बघायचा नव्हता. मला तुझा राग होता. अजून आहे. तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतायत, शोकसभेत मीही बोललो, आणि घरी आल्यावर माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं. म्हणून हे लिहितोय. जे बोलायचं ते तुझ्याशीच बोललेलं बरं.

जतच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या त्या गावात मी आधी रुजू झालो, तू माझ्या मागून आलास. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि बगलेत फुटबॉल. मी म्हटलं, हा मास्तर आहे का खेळाडू? पोरं घरी कानडी बोलायची, शाळेत आपल्यासमोर गप्प बसायची. तू त्यांना पुस्तक उघडायला सांगितलंच नाहीस. चेंडू घेऊन मैदानात गेलास. आठवडाभरात ती तुला कानडीत शिव्या शिकवत होती आणि तू त्यांना मराठीत पाढे. "मी कोल्हापूरला शिकलोय गड्या," तू मला सांगायचास. "तितं प्वार उभं ऱ्हायलं की आधी चेंडूला लाथ मारतंय, मग चालाय शिकतंय."

आपण एकाच खोलीत राहायचो. मी भाकरी थापायचो, तुला ती कधी जमली नाही. तू कालवण करायचास, तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारं. फोनला रेंज फक्त गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीजवळ यायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलांना वाटेला लावून आपण टाकीच्या सावलीत जाऊन बसायचो. तिथंच तू मला तो खेळ शिकवलास. इंग्लंडच्या लीगमधले पंधरा खेळाडू आपण निवडायचे, ठरलेल्या रकमेत बसवायचे. ते खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो, जास्त बदलले तर पॉइंट कापतात. आणि दर आठवड्याला एक कप्तान नेमायचा, त्याचे पॉइंट दुप्पट. मी म्हणालो, "म्हणजे ही पण बदलीच की." तू इतका हसलास की टाकीवरची कबुतरं उडाली. त्या दिवसापासून आपल्यात ट्रान्स्फर हा शब्द कुणी वापरला नाही. बदलीच.

मग तू ग्रुप काढलास. आधी आपल्या तालुक्यातले मास्तर, मग मिरजेचे, मग साताऱ्याकडचे, वाई-कराडचे. कुणाचा भाचा विश्रामबागेच्या कॉलेजात होता, तो आला आणि त्याच्यामागं अख्खं हॉस्टेल आलं. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी हारुणशेठ, माझ्या मामांचे दोस्त, त्यांना फुटबॉलचा फ पण माहीत नव्हता, तेही आले आणि दर आठवड्याला विचारायला लागले, "अविनाश सर, ह्या वेळी कुणाला काढायचा?" डेडलाइन आपल्याकडच्या दुपारी असायची. त्याआधी टाकीच्या कट्ट्यावर बसून तू फोन तोंडाजवळ धरायचास. "राम राम मंडळी. शनिवारची बदली आणि कप्तान. ऐका." पुढची पाच मिनिटं तुला कुणी हात लावायचा नाही.

खेळाडूंची नावं तुझ्या तोंडी कधी आली नाहीत. धिप्पाड स्ट्रायकर म्हणजे पैलवान. रेफरीशी हुज्जत घालणारा मिडफिल्डर म्हणजे वकील. आणि तो देखणा विंगर, ज्याला कोच कधी खेळवायचा, कधी बसवायचा, तो जावई. "जावयाच्या भरवशावर घर चालवू नका," तू सांगायचास. "आला तर सण, न्हाई आला तर उपास." एका मॅचवरून माणूस विकू नये, हा तुझा नियम. दुखापतीची बातमी शुक्रवारी कोच काय बोलतो त्यावरून ओळखायची, हा दुसरा. तू ती पत्रकार परिषद दोनदा ऐकायचास, इंग्रजी समजलं नाही की माझ्याकडून अर्थ लावून घ्यायचास. मी आकडे बघायचो, कुणाची पुढची मॅच कुणाशी आहे ते बघायचो. आवाज तुझा, पण निम्मी तयारी माझी असायची. तू दर वेळी मेसेजमध्ये म्हणायचास, "हे रफीक सरांनी काढून दिलंय." कधी विसरला नाहीस. तेवढं श्रेय तू मला नेहमी दिलंस.

एकदा मी तुला विचारलं होतं, "तू लोकांना सांगतोस तेच स्वतः खेळतोस का रे?"

तुला राग आला. "सांगतो तेच खेळतो. न्हाईतर सांगायचा अधिकार काय?"

"पण वेगळा कप्तान घेतलास तर तू सगळ्यांच्या पुढं जाशील. सगळे तुझंच ऐकतात."

"साकू, रफ्या, साकू," तू म्हणालास. पुरे, असं कानडीत. "आपल्या शब्दावर एक माणूस जरी बुडला तरी मला जेवाण जात न्हाई."

आणि ते खरं होतं, हेच मला आता झेपत नाही. आठवतं, जावयाला कप्तान करा म्हणून तू एका शनिवारी सांगून बसलास, आणि डेडलाइन जवळ आली तेव्हा तुला कुठूनतरी कळलं की तो आज बाकावर बसणार. तू ग्रुपवर मेसेज टाकलास, पण तेवढ्यानं तुझं समाधान होईना. एकेकाला फोन लावत सुटलास. हारुणशेठ दुपारचे झोपले होते, तू त्यांच्या मुलाला सांगून उठवलंस. वाईचे कुलकर्णी मास्तर लग्नाच्या पंगतीत होते, त्यांना तू हात धुवायला लावलंस. एका पोराचा फोन लागत नव्हता म्हणून त्याच्या हॉस्टेलच्या वॉचमनला फोन केलास. मी कट्ट्यावर बसून हसत होतो. घामानं तुझा शर्ट भिजला होता. शेवटी मला म्हणालास, "आता वाजू दे काय वाजायचं ते. आपल्याकडनं कुणाची फसवणूक झाली न्हाई."

अब्बा गेले त्या सकाळी तू मला मोटरसायकलवर मागं बसवून तासगावला आणलंस. कब्रस्तानात चपला काढून उभा राहिलास, सगळ्यांबरोबर मूठभर माती दिलीस. अम्मीनं तुला त्या दिवसापासून दुसरा मुलगा मानलं. तू आलास की तिला दिसायचं कमी असूनही पावलांवरून ओळखायची. "अविनाश, खाको जा रे," असं ओरडायची आणि तू न जेवता कधी गेला नाहीस.

म्हणूनच त्या उन्हाळ्यात तू घरी आलास तेव्हा मला काही संशय आला नाही. कशाला येईल?

बदल्यांचं पोर्टल उघडलं होतं. आपण दोघं अवघड क्षेत्रातली मुदत काढून बसलेलो, दोघांचाही हक्क झालेला. शाळांचा पसंतीक्रम भरायचा होता. ज्याची नोकरी जुनी, त्याला आधी मिळणार, आणि माझी तुझ्यापेक्षा जुनी होती. तासगाव रस्त्यावरच्या द्राक्षबागांमधली ती शाळा मला किती दिवसांपासून हवी होती, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? टाकीजवळ बसून मी तुला शंभरदा सांगितलं असेल. सायकलवर जाता येईल, संध्याकाळी उजेड असताना घरी येता येईल. अम्मीची नजर जात चालली होती. तुझी शबानावहिनी तिचा शिवणक्लास सांभाळून अम्मीकडं बघायची, दोन्हीकडं पळून ती दमत होती. मी जवळ आलो असतो तर निम्मा भार माझ्यावर आला असता. घरात सगळ्यांनी तसंच धरलं होतं.

तू अम्मीच्या हातचं जेवलास, हात पुसलास आणि म्हणालास, "रफ्या, ती शाळा वर टाकू नको."

"का?"

"पोरांचा पट घसरलाय तितला. एक पद जाणार हाय. तू गेलास की वरसात जादा मास्तर म्हणून अतिरिक्त ठरशील, आन मग कुठं फेकतील त्याचा पत्ता न्हाई. परत जतला."

मी म्हणालो, "कुणी सांगितलं?"

"सांगितलं एकानं. आतली खबर हाय. तू मिरजेच्या पूर्वेची ती टाक पहिली. पट चांगला हाय, पक्की जागा हाय. ही टाक खाली, धाव्या-बाराव्या नंबरला."

शबाना दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, मिरजेच्या पलीकडनं रोज यायला दोन गाड्या बदलाव्या लागतील."

"वहिनी, दोन गाड्या परवडल्या. अतिरिक्त झाला तर गाडीच मिळायची न्हाई."

अम्मी आतून म्हणाली, "अविनाश म्हणतो तसंच कर रे." आणि मी केलं. दर शनिवारी तुझ्या खबरी खऱ्या निघायच्या. आपण बातमी आतून काढतो, वेळेत सांगतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. तुझ्यासमोरच मी फोनवर क्रम लावला. तू वाकून बघत होतास. नंबर एक झाल्यावर म्हणालास, "बरोबर."

आदेश निघाले. मला मिरजेच्या पूर्वेची शाळा मिळाली, ती तर पहिलीच टाकली होती. आपले केंद्रप्रमुख पाटील सर, आपल्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे, त्यांचा दुपारी फोन आला. अभिनंदन केलं आणि सहज म्हणाले, "तुमच्या जोडीदारानं तर झकास जागा मारली. तासगाव रस्त्यावरची. विश्रामबागेतनं आता स्कूटीवर येतंय की रं!" मी विचारलं, "कोणती?" त्यांनी शाळेचं नाव सांगितलं. मी म्हणालो, "दुसरं असेल." ते म्हणाले, "दुसरं कसलं? माझ्या समोर यादी हाय."

शाळा सोडायच्या दिवशी आपण शेवटचे एकत्र होतो. कपाटाच्या चाव्या, पोषण आहाराचं साहित्य, खुर्च्या मोजून द्यायच्या होत्या. मुलं दारात रडत होती. मी तुला वर्गात गाठलं.

"तू म्हणालास पद जाणार."

"तवा तसंच ऐकलं हुतं." तू कपाटात तोंड घालून बोलत होतास.

"मग तू का टाकलीस?"

"म्हटलं बघू. लागलं नशिबानं."

"कितव्या नंबरला टाकली होतीस?"

तू कपाट बंद केलंस. चावी माझ्या हातात दिलीस. "चल, यस्टी चुकंल."

कितव्या नंबरला, एवढंच मी विचारलं होतं. तू सांगितलं नाहीस म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. बसमध्ये आपण शेजारी बसलो, कारण दुसरी जागा नव्हती. कवठ्यापर्यंत तू खिडकीतून बाहेर बघत होतास आणि मी समोरच्या सीटच्या फाटलेल्या रेक्झिनकडं. तू आधी उतरलास. "येतो" म्हणालास. मी पाय आखडून तुला वाट दिली. ते बोलणं तिथंच संपलं.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. मिरजेच्या पूर्वेची शाळा वाईट नव्हती, लोक चांगले होते. पण मी घरी पोचायचो तोपर्यंत अंधार झालेला असायचा. पावसाळ्यात दुसरी गाडी यायचीच असं नाही. अम्मी दोनदा अंगणात पडली. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. शबानानं त्या महिन्यात क्लास बंद केला. मशिनी विकल्या नाहीत, चादर टाकून माळ्यावर ठेवल्या. मला ती एवढंच म्हणाली, "तुमच्या दोस्तानं माझा क्लास बंद केला." ती तुझ्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. अम्मीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती विचारायची, "अविनाश येत न्हाई का रे आता?" मी सांगायचो, लांब पडतंय त्याला. आणि तू तर आता आमच्या घरापासून मोटरसायकलवर पाव तासावर होतास.

ऑगस्टमध्ये लीग सुरू झाली आणि पहिल्याच शनिवारी तुझा आवाज आला. "राम राम मंडळी." मी मिरजेच्या स्टँडवर उभा होतो. फोन बंद करावा, ग्रुप सोडावा, असं ठरवलं होतं. सोडला नाही. ऐकला मेसेज. आणि तुला सांगतो, तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसानं तुझाच कप्तान घेतला. कारण सल्ला बरोबर होता. नेहमीसारखा. त्या रात्री पैलवानानं तीन गोल मारले आणि मी घरी अंगणात एकटा हसलो, आणि हसल्याचा मला राग आला. दीड वर्ष मी तसंच केलं. तुझं ऐकत राहिलो, तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या मेसेजमध्ये "रफीक सरांनी काढून दिलंय" हे वाक्य मात्र बंद झालं होतं. पहिल्या मेसेजमध्ये तिथं आल्यावर तू क्षणभर थांबलास, ते मला ऐकू आलं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल.

आपण एकदाच भेटलो. इस्लामपूरला प्रशिक्षण होतं. चहाच्या सुट्टीत मी झाडाखाली उभा होतो, तू दोन कप घेऊन आलास. एक माझ्या हातात दिलास. आजूबाजूला कुणी नव्हतं. बाकीचे वडापावच्या टेबलाजवळ होते. बरीच मोठी सुट्टी होती, अव्या. तुला जे काही बोलायचं होतं ते बोलून, माझं ऐकून, भांडून, वाटलं असतं तर रडूनही परत वर्गात जाता आलं असतं. मी थांबलो होतो. मी चहा सावकाश पीत होतो, मुद्दाम.

तू म्हणालास, "रफ्या, पैलवानाची मांडी दुखतीय म्हणत्यात. ठेवायचा का विकायचा?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघत नव्हतास.

"ठेव," मी म्हणालो.

"ठेवू म्हणतोस?"

"एका मॅचवरून विकू नये."

तू मान हलवलीस, कप घेतलेस आणि गेलास. आपलं शेवटचं बोलणं हे. आता सगळे विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं होतं तुमचं. मी सांगतो, फुटबॉलवर. लोकांना ते गोड वाटतं.

मग त्या शुक्रवारी सकाळी ग्रुपवर तू गेल्याची बातमी आली. मला वाटलं कुणी चेष्टा करतंय, ग्रुपवर चेष्टा चालायचीच. शबानाला दाखवलं. तिनं फोन हातात घेतला, वाचला, आणि चुलीवरचा तवा उतरवून खाली बसली. एवढा राग धरलेली बाई, पदरात तोंड घालून रडली. अम्मीला मीच सांगितलं. ती म्हणाली, "तरी म्हटलं, येत का न्हाई." तिला वाटलं तू आजारी असशील, म्हणून येत नव्हतास. मी ते तसंच राहू दिलं.

सावडल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी विश्रामबागेत सुनीतावहिनींकडं गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझी मुलगी चहा घेऊन आली, तुझेच डोळे. बरीच माणसं उठून गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी येत नव्हता. मला म्हाईत हाय कशानं."

मी म्हणालो, "जाऊ दे वहिनी. आता काय त्याचं."

"न्हाई, ऐका. मी त्यांना म्हणाले होते. घराजवळची शाळा पायजे तर रफीकभावजींना सांगा. सरळ मागा. ते तुमच्यासाठी खाली टाकतील."

"मग?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणाले, तेच तर. मागितली तर तो देऊन टाकंल. आन मग मला जन्मभर त्याच्या उपकारात ऱ्हावं लागंल. रोज शाळेत जाताना आठवंल. त्यापरीस नशिबानं मिळाली म्हणू, चार महिनं रुसंल, मग यील."

अव्या, हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. तुझी गरज होती, मला कळलं असतं. लोभ होता, तोही कळला असता. घराजवळची शाळा कुणाला नको? पण मी देईन हे तुला माहीत होतं. हे माहीत असून तू माझ्याकडं मागितली नाहीस, पळवलीस. माझं देणं तुला माझ्या रागापेक्षा जड वाटलं. माझ्या अब्बांना तू माती दिलीस, त्याचं ओझं मला कधी वाटलं नाही. माझ्या घरी जेवलास त्याचं ओझं तुला वाटत होतं का? प्रत्येक घासाला?

आणि एक प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. तू मागितली असतीस तर मी खरंच दिली असती का? अम्मी होती, शबानाचा क्लास होता. कदाचित मी नाही म्हणालो असतो. कदाचित आपण टाकीच्या कट्ट्यावर बसून भांडलो असतो, दोन दिवस वेगवेगळं जेवलो असतो. मला माहीत नाही. ते कळायची संधी तू मला दिलीच नाहीस. माझ्या वतीनं माझा चांगुलपणा तूच ठरवून टाकलास आणि मग त्यालाच घाबरलास.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली, मला बोलावलं होतं. मी पहिल्यांदा आत गेलो. द्राक्षाच्या मांडवांमधून शाळेची वाट जाते, मी मनात धरली होती तशीच. मैदानावर तू चुन्यानं गोल आखला होतास. मुलींची टीम केली होतीस, त्या पांढऱ्या मोज्यांत ओळीत उभ्या होत्या. एक पोरगी माइकसमोर आली, "सर आमाला हरल्यावर पण केळी द्यायचे," म्हणाली आणि माइक सोडून ओळीत परत पळाली. माझ्याच जागेवर तू चांगलं काम केलं होतंस. ते बघून समाधान व्हावं का आणखी दुखावं, मला कळेना. दोन्ही झालं.

सभा संपल्यावर मुख्याध्यापिका देशमुखबाईंनी मला ऑफिसात बसवलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मध्यंतरी इथला पट घसरला होता ना? एक पद जाणार होतं म्हणे."

बाई चष्मा पुसत होत्या. "इथला? छे हो. आपल्याकडं द्राक्षावर कामाला येणाऱ्यांची पोरं असतात, पट कधी कमी पडलाच नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलं होतं कुठंतरी," मी म्हणालो.

म्हणजे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत तू मला दिलेली ती एकच खोटी खबर.

बाहेर पाटील सर, तेही जतकडून सभेला आलेले, माझी वाट बघत थांबले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं, इकडं तिकडं बघितलं. "रफीक सर, बोलू नये ह्या वेळी, पण बोलतो. जागा रिकामी झालीय. पुढच्या बदल्या होईपर्यंत इथं कुणाला तरी तात्पुरतं द्यावं लागंल. आईचं कारण हाय तुमचं. अर्ज करा लगेच. दुसरं कुणी करायच्या आत."

मी घरी येऊन शबानाला सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला ती शाळा अशी नको होती."

"मलाही."

"पण करा," ती म्हणाली. "अम्मी परत पडली तर?"

आज दुपारी अर्ज लिहायला बसलो. साध्या कागदावर, गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या नावे. आई वृद्ध आहे, दृष्टी अधू आहे, देखभालीस घरी पत्नी एकटीच आहे, हे लिहिलं. ते सगळं खरं आहे. मग जागा कशी रिक्त झाली ते लिहायचं होतं. तुझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. उपशिक्षक लिहिलं. पुढं कार्यालयाचा जो ठरलेला शब्द आहे तो लिहायचा होता. आमच्या घरात मय्यत हा शब्द आवाज खाली आणून उच्चारतात, कुणाच्या दारात माणसं जमली असली की. कागदावर मात्र तो असा सरळ लिहितात, रजा किंवा बदली लिहावी तसा. 'मयत झाल्याने'.

मी तो लिहिला. मग वाचला. दीड वर्ष मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो, आणि मनात तू दर वेळी उत्तर द्यायचास, काहीतरी थातुरमातुर का होईना. आज उत्तर आलं नाही. अर्ज घडी करून पाकिटात घातला. माफ केलंय असं लिहिणार नाही, तुला ते खोटं लगेच कळेल. सोमवारी देऊन येईन.